‘फॅटी किडनी’ या शब्दामागचा गुंता

मराठवाड्यात मुतखड्याची सोनोग्राफी करून घेणाऱ्यांच्या अहवालात ‘रीनल सायनस लायपोमॅटोसिस’ अशी एक ओळ अधूनमधून दिसते, आणि ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द आधीच घरोघरी पोचलेला असल्यामुळे तिचा अर्थ ‘किडनीला चरबी चढली’ असा लावून लोक मोकळे होतात. काहींना त्यातल्या ‘लायपोमा’ (चरबीची गाठ) या शब्दामुळे गाठीची शंका येते. येथे गाठ नसते. मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीत मुळातच असलेली चरबी वाढलेली असते.

मूत्रपिंड चरबीत बसलेले असते, हे खाटकाच्या दुकानात गुर्दा पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. चरकसंहितेतही मेदोवह स्रोतसांच्या, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गांच्या, मुळांमध्ये वृक्कांची (मूत्रपिंडांची) गणना आहे, मात्र तेवढ्यावरून आजच्या संशोधनाचे श्रेय प्राचीनांना देण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील विकृतिशास्त्रज्ञांनी रोगग्रस्त मूत्रपिंडात जे स्निग्ध थेंब पाहिले, ते पेशींच्या आतले होते. पोकळीतली किंवा भोवतालची चरबी हा त्याहून वेगळा विषय आहे. १९३९ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना सेलोफेन गुंडाळल्यावर त्यांचा रक्तदाब कायमचा वाढल्याचे दिसले, आणि बाहेरून पडणारा दाबही घातक ठरू शकतो हा विचार तेथून रुजला.

सीटी स्कॅन येण्यापूर्वी सारी भिस्त आयव्हीपीवर, म्हणजे शिरेतून औषध टोचून काढलेल्या मूत्रमार्गाच्या एक्स-रेवर होती. वाढलेल्या चरबीने मूत्रमार्गाच्या आतल्या फांद्या ताणल्या जात आणि फिल्मवर गळू किंवा अर्बुद असल्याचा भास होई. १९७०च्या दशकात सीटी आल्यावर चरबी पाण्यापेक्षा गडद दिसू लागली आणि तो संभ्रम बराचसा मिटला.

वादाचा खरा मुद्दा २०११ मधला आहे. अमेरिकेतील एका शहराच्या दीर्घकालीन पाहणीत मूत्रपिंडाच्या पोकळीतील चरबी सीटीवर मोजून ‘फॅटी किडनी’ हे नाव वापरले गेले. त्यासाठीची सीमारेषा निरोगी उपगटातील ९०व्या शतमानावर आखलेली होती. म्हणजे रोग कोठे सुरू होतो हे पाहून नव्हे, तर निरोगी लोकांतले वरचे दहा टक्के बाजूला काढून. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार यांच्याशी आढळलेला संबंध वजन व पोटातील चरबी हिशेबात धरूनही टिकला, हे खरे. तरीही संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि शतमानाला रोगाचे नाव देण्याची घाई झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यातच ती लोकसंख्या बहुतांश युरोपीय वंशाची होती. अंगकाठी बेताची, पण पोट सुटलेले, अशा आपल्याकडच्या माणसाला तीच रेघ लावणे धाडसाचे आहे. कमरेच्या घेराची मर्यादासुद्धा भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी वेगळी धरली जाते.

या चर्चेत मागे पडतो तो आपल्या भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रकार. मुतखडा वर्षानुवर्षे अडकून राहिला आणि त्यात जंतुसंसर्ग होत गेला, तर मूत्रपिंडाचा गाभा, म्हणजे रक्त गाळणारा मांसल भाग, झिजत जातो व मोकळ्या झालेल्या जागेत चरबी भरते. रीप्लेसमेंट लायपोमॅटोसिस म्हणतात ते हेच. उन्हाळ्यात दिवसभर रानात राबणारा, पाणी बेताने पिणारा आणि कळ थांबली की तपासणी पुढे ढकलणारा माणूस या वाटेवर सहज येऊ शकतो. त्याच्या बाबतीत चरबी हे कारण नसून उरलेली खूण असते.

अलीकडे मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीची जाडी सोनोग्राफीवर मोजण्याचीही पद्धत आली आहे. ती स्वस्त आहे, पण प्रोब (अंगावर फिरवायचे यंत्राचे टोक) किती दाबला यावर आकडा बदलतो. एकूण काय, तर वय आणि वजनासोबत पोकळीत चरबी साठलेला रुग्ण आणि खड्याने गाभा गमावलेला रुग्ण, या दोघांच्याही अहवालात आज ‘लायपोमॅटोसिस’ हाच शब्द वाचायला मिळू शकतो, आणि गाभ्याची जाडी शेजारी लिहिलेली नसेल तर त्यांतला फरक केवळ कागदावरून कळत नाही.