कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून चलान चुकत नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसले तेव्हापासून एक सल्ला फिरतोय: ‘कमान दिसली की ब्रेक दाबा, पुढे खुशाल पळवा.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतणाराही.

या मार्गावरच्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजतात. पहिल्या कमानीवर तुमची नंबरप्लेट वेळेसकट टिपली जाते, पुढच्या कमानीवर पुन्हा. मधलं अंतर ठरलेलं असतं. समजा ते १० किलोमीटर आहे. कारला मर्यादा ताशी १००, म्हणजे किमान ६ मिनिटं लागायलाच हवीत. ५ मिनिटांत पोचलात तर सरासरी १२० निघते. कमानीखाली तुम्ही ऐंशीने गेलात की साठने, याने काही फरक पडत नाही. घाटात तर मर्यादा आणखी कमी.

आणि अचानक दाबलेल्या ब्रेकचं काय? मागे भरलेला ट्रक असेल तर तो जागच्या जागी थांबत नाही. वेग १०० वरून १२० केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर जवळपास ४४ टक्क्यांनी वाढतं. एवढं करून साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या अख्ख्या रस्त्यावर वाचतात जेमतेम साडेनऊ मिनिटं.