व्हिनाइल रॅप (वाहनांचे)

व्हिनाइल रॅप (वाहनांचे) : मोटार, बस, दुचाकी इ. वाहनांच्या बाहेरील पत्र्यावर नव्या रंगाऐवजी चिकटवायची पॉलिव्हिनाइल क्लोराइडची (पीव्हीसी) पातळ फिल्म; तसेच ती बसवण्याची क्रिया. काचांवरची काळी फिल्म व नंबरप्लेटचे ‘रेडियम’ यांचा येथे विचार केलेला नाही. पारदर्शक ‘पीपीएफ’ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) हीही वेगळी, ती बहुधा पॉलियुरेथेनची असते आणि रंग बदलण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी लावतात.

द्रव्य : पीव्हीसीचा पांढरा घन पदार्थ ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनज्ञाने १८७२ मध्ये नोंदवला, पण ठिसूळपणामुळे तो बराच काळ निरुपयोगी राहिला. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमारास त्यात मृदुकारक मिसळून त्याला लवचिकपणा आणला. त्याची फिल्म दोन रीतींनी करतात. कॅलेंडर रीतीत तापलेला लगदा रुळांमधून दाबून ताणला जातो. हा ताण फिल्ममध्ये मुरून राहतो, त्यामुळे उन्हात ती आकसते आणि कडा सुटू लागतात. कास्ट रीतीत द्रवरूप मिश्रण गुळगुळीत पत्रकावर ओतून भट्टीतून काढतात. तेथे ओढाताण नसल्याने फिल्म पातळ होते व वळणावर बसवली की बसून राहते. सपाट पाटीला कॅलेंडर फिल्म पुरते. बंपर आणि आरशांच्या खोळींना मात्र कास्टच हवी. स्वस्त कामाची पुढे जी रडगाणी ऐकू येतात, त्यांचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. रंगबदलाच्या फिल्मची जाडी चिकटद्रव्यासह सुमारे ८० ते ११० मायक्रॉन, म्हणजे कारखान्यातील रंगाच्या थरांहून थोडी कमी किंवा तितकीच. चिकटद्रव्य दाबाने धरणारे अ‍ॅक्रिलिक असते. त्यात सूक्ष्म वायुवाहिन्या कोरल्या जाऊ लागल्यापासून अडकलेली हवा बोटाने दाबूनही बाहेर काढता येते.

उगम : याविषयी दोन पक्ष आहेत. जाहिरात-व्यवसायाचा मागोवा घेणारे बसकडे बोट दाखवतात. न्यूझीलंडमध्ये १९९१ च्या सुमारास सबंध बस फिल्मने मढवल्याचा दावा आहे, तर अमेरिकेत १९९३ ची ‘क्रिस्टल पेप्सी’ या पेयाच्या जाहिरातीची बस पहिली मानली जाते. असे दावे बहुधा संबंधित व्यावसायिकांचेच असल्याने ‘पहिली’ हा शब्द जपून घ्यावा. दुसरा पक्ष जर्मन टॅक्सीचा. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकाच्या आरंभापासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग (‘राल’ या जर्मन रंगसूचीतील क्रमांक १०१५) सक्तीचा होता. गाडी विकायला काढली की हा रंगच तिचा पूर्वेतिहास सांगे, आणि गिऱ्हाईक भाव पाडे. १९९३ मध्ये केपीएमएफ या ब्रिटिश फिल्म-उत्पादकाकडे रंगाऐवजी वापरता येईल अशा फिल्मची मागणी आली. मग गाडी हव्या त्या रंगाची घ्यायची, तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवायची आणि विकताना सोलून काढायची, असा प्रघात पडला. बसवर फिल्म आली ती जाहिरातीचा कागद म्हणून. टॅक्सीवर ती रंगाच्या जागी आली आणि खालचा रंग शाबूत परत मिळावा ही अट सोबत घेऊन आली. त्यामुळे या नोंदीच्या विषयापुरता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पुढे काही जर्मन राज्यांनी ही रंगसक्ती सैल केली.

बसवणे : गाडी धुऊन, मेण व तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढतात. दाराच्या मुठी, दिवे, बोधचिन्हे शक्यतो उतरवतात. सुमारे दीड मीटर पन्ह्याच्या गुंडाळीतील तुकडा दोघे मिळून ताणून धरतात आणि फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (दाबपट्टीने) मधून कडेकडे दाबत जातात. खरी कसोटी खोलगट जागी. तेथे हीट गनने फिल्म मऊ करून आत बसवावी लागते; थंड फिल्म जोराने ओढून दाबली, तर ती दुसऱ्या दिवशी तंबूसारखी उठलेली दिसते. म्हणून शेवटी ताणलेल्या जागा ९० अंश सेल्सिअसच्या वर पुन्हा तापवून फिल्मची ‘आठवण’, म्हणजे मूळ आकाराकडे परतण्याची ओढ, मोडतात. कडा पत्र्यावरच सुरीने कापल्यास खालच्या रंगावर ओरखडा राहतो; त्यासाठी दोरा असलेली पट्टी आधी चिकटवून, मग तो दोरा ओढून फिल्म कापण्याची युक्ती निघाली आहे.

टिकाऊपणा : उभ्या पत्र्यावर चांगली फिल्म समशीतोष्ण हवामानात पाच ते सात वर्षे टिकते, बॉनेट आणि टपावर, विशेषतः कडक उन्हात, बरीच कमी. काढताना ती कोमट करून, तिरपी धरून सावकाश सोलतात. कारखान्यातील रंग सहसा तग धरतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये मारलेला रंग फिल्मबरोबर निघून येण्याची भीती असते. गंज वा पोपडे फिल्मखाली झाकत नाहीत, उलट उठून दिसतात. मॅट फिल्मला पॉलिश चालत नाही.

भारतात : मुंबईत बेस्टच्या जाहिरातींनी मढलेल्या बसगाड्या हे छापील रॅपचे परिचित उदाहरण. खाजगी मोटारींचे काम शहरांतील डिटेलिंगच्या (गाडी बारकाईने साफ करून चकचकीत करण्याच्या) दुकानांत होते. दुचाकीच्या टाकीपुरते रेडियमवालाही करून देतो. वाहनाचा रंग नोंदणी-प्रमाणपत्रात नमूद असतो, त्यामुळे सबंध गाडीचा रंग बदलल्यास आरटीओकडे नोंद करून घेणे श्रेयस्कर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. नियमात शब्द ‘रंगवणे’ असा असल्याने फिल्म त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल; मात्र त्या रंगाची गाडी लष्करी वाटू नये हा हेतू लक्षात घेता तो लंगडा ठरतो.