मधाचं झाड आणि अळीचं झाड

नर्सरीत जाऊन ‘फुलपाखरं येतील असं काहीतरी द्या’ म्हटलं की हातात पेंटास नाहीतर इक्झोराची कुंडी पडते. झाड चांगलंच असतं. उन्हात ठेवलं की दोन-चार फुलपाखरं भिरभिरत येतात, मध पितात आणि निघून जातात. अंडी घालायला मात्र कुणी थांबत नाही, कारण ‘फुलपाखरांचं झाड’ या एकाच नावाखाली आपण दोन अगदी वेगळी झाडं धरतो. एकाच्या फुलातला मकरंद फुलपाखरू पितं आणि दुसऱ्याची पानं त्याची अळी खाते. या दुसऱ्याला फुलपाखरांचे अभ्यासक खाद्य वनस्पती म्हणतात.

मकरंदाच्या बाबतीत बहुतेक फुलपाखरं फारशी चोखंदळ नसतात. सोंड तळापर्यंत पोचली की झालं. सदाफुली, झिनिया, कॉसमॉस, जमैकन स्पाइक, काहीही चालतं. कुणी न लावता रस्त्याकडेला उगवलेल्या एकदांडीवरही लहान फुलपाखरांची दिवसभर वर्दळ असते. फक्त गच्च पाकळ्यांची, गोंड्यासारखी संकरित फुलं घेऊ नका. त्यांत मध कमी आणि सोंडेला वाट त्याहून कमी. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण बाहेरून आलेल्या या झुडपाने आपली रानं व्यापली आहेत. ती मुद्दाम लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अळीचं गणित वेगळं. तिला ठरावीक पानंच लागतात, ती नसतील तर ती उपाशी मरते. प्लेन टायगरच्या अळीला रुई हवी, कॉमन रोझच्या अळीला ईश्वरीचा वेल, टॉनी कोस्टरच्या अळीला कृष्णकमळ. टेल्ड जे खोटा अशोक नाहीतर सीताफळ शोधतं. एमिग्रंट बहाव्यावर अंडी घालतं, आणि कॉमन जेझेबेलला चक्क आंब्यावरचं बांडगूळ लागतं. ही निवड मादी करते. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी टकटक करते आणि पायांनीच पानाची चव घेते. पटलं तरच अंडं. या हट्टामागे कारणही असतं: रुईच्या चिकातलं विष प्लेन टायगरची अळी अंगात साठवते, ते पुढे फुलपाखरातही उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. त्याचीही अळी लिंबाच्या कुळातली, म्हणजे माकडलिंबू, पपनस यांची पानं खाते. नुसत्या गुलाबांच्या बागेत त्याची पिढी वाढणार नाही.

दोन्ही झाडांमधला फरक मला खिडकीतल्या कढीपत्त्याने शिकवला. एका सकाळी लाइम बटरफ्लायची मादी आली. जवळच पेंटास फुललेला, तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोवळ्या शेंड्यावर पंख फडफडवत तिने पोट वाकवलं आणि मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा मणी पानाला चिकटवला. चार दिवसांनी त्यातून बाहेर आलेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट आणि पांढरा पट्टा असलेली. ती नंतर कात टाकून पोपटी झाली. काडीने जरा डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडायची. दोन आठवड्यांत अर्धा कढीपत्ता फस्त.

नेमकी इथेच चूक होते. ‘कीड लागली’ म्हणून आपण कढीपत्त्यावर औषध मारतो आणि फुलपाखरं दिसावीत म्हणून शेजारी पेंटास लावतो. खाल्लेलं पान हे अळीच्या झाडाचं अपयश नव्हे, त्यासाठीच ते लावायचं असतं. आणि कढीपत्ता पुन्हा फुटतोच. मी आता दोन कुंड्या ठेवते, एक फोडणीची, एक अळ्यांची. औषध दोन्हींवर नाही, कारण ते वाऱ्याने इकडून तिकडे जातंच.

काही झाडं दोन्ही कामं करतात. हळदीकुंकू नावाच्या झुडपाच्या लाल-पिवळ्या फुलांवर मधासाठी रीघ लागते आणि त्याचीच पानं प्लेन टायगरची अळी खाते. जागा एकाच कुंडीची असेल तर मी हेच सुचवेन. मात्र त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. खुळखुळा आणि भुरुंडी यांची गंमत आणखी निराळी. टायगर जातीचे नर त्यांच्या सुकलेल्या, दुखावलेल्या भागांवर सोंड लावून बसतात. तिथे त्यांना मध नको असतो, मादीला रिझवणारा गंध तयार करायला लागणारी द्रव्यं हवी असतात.

माझ्या अळ्यांपैकी एक कोषात गेली ती कुंडीमागच्या सुक्या काठीवर, कोषही काठीसारखाच तपकिरी. दहाव्या सकाळी तो रिकामा होता आणि ओले पंख खाली सोडून फुलपाखरू त्यालाच धरून लटकलं होतं. तासाभराने उडालं, ते आधी पेंटासवर जाऊन बसलं.