भाजलं, तळलं, तरी ग्लुटेन तिथेच

लहान मुलाला सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार असल्याचं निदान झालं की त्याच्या आईबाबांना सल्ल्यांचा तोटा राहत नाही. त्यातला एक सल्ला वरचेवर ऐकू येतो: पाव चांगला कडक भाजा, त्यातलं ग्लुटेन जळून जातं, मग द्यायला हरकत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. उकळल्यावर जंतू मरतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो, तोच नियम इथे लावला जातो. पण जे मुळात जिवंतच नाही ते मरणार कसं? ग्लुटेन हा जंतू नाही, ते प्रथिन आहे. आणि प्रथिनांमध्येही ते इतकं हट्टी आहे की त्याच्या हट्टाचं कारण समजलं तर पाव का फुगतो, मूल का आजारी पडतं आणि स्वयंपाकघरात नेमकं काय सांभाळायचं, ही तिन्ही कोडी एकदम सुटतात.

गव्हाच्या कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात दाबत राहिलं की पाणी पांढरं होत जातं. तो स्टार्च. शेवटी हातात रबरासारखा चिवट करडा लगदा उरतो, ते ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्या इथे याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये हाच प्रयोग करून दाखवला होता. वनस्पतींमध्येही प्राण्यांच्या शरीरातल्यासारखा पदार्थ असतो, हा त्या काळी धक्काच होता. या लगद्यात मुख्यतः दोन गट असतात, ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन. ग्लायाडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती मागे खेचली जाते. जव आणि राय या धान्यांमध्ये त्यांचीच भावंडं असतात, म्हणून तीही वर्ज्य. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्यात प्रथिनं असतात, पण या घराण्यातली नव्हेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही आम्लं वीस प्रकारची, आणि बहुतेक प्रथिनांत ती बऱ्यापैकी मिसळलेली असतात. ग्लुटेनमध्ये मात्र दोघांचीच दाटी आहे. दर तीन आम्लांमागे साधारण एक ग्लुटामिन, आणि सहा-सात आम्लांमागे एक प्रोलिन. ग्लुटामिनची बाजूची शाखा शेजारच्या साखळीतल्या ग्लुटामिनशी हायड्रोजन बंधांनी सहज जोडली जाते. एक बंध कमकुवत, पण असे शेकडो झाले की पकड घट्ट. प्रोलिनचं वागणं आणखी विचित्र आहे. इतर आम्लांची शाखा बाहेर लोंबत असते, प्रोलिनची शाखा वळून मुख्य साखळीलाच चिकटते आणि कडं तयार होतं. या कड्यामुळे साखळी तिथे वाकडी होते आणि इतर प्रथिनांसारखी घट्ट गुंडाळी करू शकत नाही. वळणावळणांची, सैल, ताणली जाणारी रचना उरते. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायला असाच पडदा लागतो. पाव फुगतो तो या दोन आम्लांच्या जिवावर.

पचनात हेच गुण आड येतात. आपली पाचक विकरं (एन्झाइम) म्हणजे वेगवेगळ्या कात्र्या आहेत आणि प्रत्येक कात्री ठरावीक जागीच चालते. ट्रिप्सिनला लायसिन किंवा आर्जिनिन लागतं, आणि ग्लुटेनमध्ये ही दोन्ही फार कमी. पेप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ल्युसिन, टायरोसिन, फेनिलअलानिन यांच्यापाशी कापतात, पण पुढचं आम्ल प्रोलिन असेल तर त्याचं कडं आडवं येतं आणि कात्रीची पाती मिटतच नाहीत. २००२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चैतन खोसला यांच्या गटाने ग्लायाडिनचा असा एक तुकडा दाखवला, जो जठरातल्या, स्वादुपिंडातल्या आणि आतड्याच्या अस्तरावरच्या विकरांनाही पुरून उरतो. त्यात ३३ आम्लं आहेत: १३ प्रोलिन, १० ग्लुटामिन, उरलेली ल्युसिन, टायरोसिन आणि फेनिलअलानिन. लायसिन आणि आर्जिनिन एकही नाही. टायरोसिन तीनदा येतं आणि तिन्ही वेळा त्याच्या लगेच पुढे प्रोलिन उभं. ल्युसिन पाचदा येतं, त्यातही तीनदा तेच. मुद्दाम कुणी कात्र्यांना चकवायला रचावा असा हा तुकडा.

हा तुकडा प्रत्येकाच्या आतड्यात असाच न तुटता राहतो. तुमच्याही आणि माझ्याही. बहुतेकांचं त्याने काही बिघडत नाही, तो पुढे सरकतो आणि विषय संपतो.

सीलिॲक असलेल्या मुलात मात्र पुढची पायरी घडते. आतड्याच्या अस्तराखाली ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर असतं. जखम भरताना एका प्रथिनातलं ग्लुटामिन दुसऱ्यातल्या लायसिनशी सांधणं हे त्याचं काम. जोडायला लायसिन मिळालं नाही की ते ग्लुटामिनचं रूपांतर ग्लुटामिक आम्लात करतं, म्हणजे तुकड्यावर ऋण विद्युतभार येतो. आता ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत, त्यांच्या पेशींवर एक खाच असते आणि तिला ऋणभाराचा तुकडा अगदी पसंत. तो तिथे घट्ट बसतो, शरीराच्या संरक्षक टी-पेशींना तो परका वाटतो आणि त्या हल्ला सुरू करतात. हल्ल्यात सापडतात ते आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे. ते सपाट होतात, लोह, कॅल्शियम, चरबी शोषली जात नाही, मुलाची वाढ खुंटते. शरीर या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं. त्या विकराची ही भूमिका १९९७ मध्ये उघड झाली आणि आज रक्ततपासणीत शोधतात ती हीच प्रतिपिंडं.

आता भाजण्याच्या सल्ल्याकडे या. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, साखळी तुटत नाही. साखळीचे बंध पूर्ण सोडवायला प्रयोगशाळेत प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसवर सुमारे २४ तास ठेवतात. कुठलीही भट्टी हे करणार नाही, आणि केलंच तर तो पाव उरणार नाही. घडी मोडल्याचा उपयोग का होत नाही, तर टी-पेशी घडी पाहतच नाहीत. खाचेत बसलेल्या नऊ आम्लांचा क्रम तेवढा त्या ओळखतात. अंड्याच्या ॲलर्जीत गोष्ट वेगळी आहे. तिथली प्रतिपिंडं पुष्कळदा प्रथिनाचा आकार ओळखतात, म्हणून कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं न चालणाऱ्या काही मुलांना केकमध्ये भाजलेलं अंडं चालतं. भाजण्याचा सल्ला बहुधा तिथूनच वाट चुकून इकडे आला असावा. (केकची ही परीक्षाही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची असते.) ‘रोज थोडं थोडं द्या, सवय होईल’ हा दुसरा सल्लाही याच कारणाने निकामी ठरतो. टी-पेशींना स्मरण असतं. रोजचा थोडा डोस त्यांना रोज आठवण करून देतो, एवढंच.

गव्हाचा आजाराशी संबंध लावला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याआधी, १९२४ पासून, न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार प्रसिद्ध होता. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. खरं तर जे ताटात नव्हतं त्याचा तो गुण होता. डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो संशय बळावला. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो मोजमापांनिशी मांडला.

मग ‘ग्लुटेन सगळ्यांनाच विष’ म्हणणाऱ्यांचं काय? डीक्यू२ किंवा डीक्यू८ जनुकं तीस ते चाळीस टक्के लोकांकडे असतात, प्रत्यक्ष आजार जगभरात सुमारे एक टक्का लोकांना होतो. गव्हाची ॲलर्जी किंवा गव्हाने पोट बिघडणं हे वेगळे प्रकार आहेत, तेही खरे आहेत. पण वजन उतरवायला, त्वचा उजळायला, ‘आतडी स्वच्छ’ करायला धडधाकट माणसाने ग्लुटेन सोडावं याला आधार नाही. मिठाच्या नि पाण्याच्या बाटलीवर ‘ग्लुटेनमुक्त’ छापणं ही तर शुद्ध विक्रीकला. जुन्या, ‘मूळ’ जातींच्या गव्हात ग्लुटेन नसतं, हा दावाही खोटा. एकदाणी गहूसुद्धा गहूच आहे आणि त्यातही ग्लायाडिन असतं. आंबवलेल्या गव्हाच्या पावात थोडं ग्लुटेन तुटतं, पण सीलिॲक मुलाला तो चालण्याइतकं नाही.

आता घराकडे. दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, पन्नास मिलिग्रॅम रोज गेलं तर काही महिन्यांत इजा दिसते. दहा मिलिग्रॅम म्हणजे किती? शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात आठेक ग्रॅम ग्लुटेन धरा. त्या हिशेबाने ग्रॅमचा आठवा भाग पीठ, चिमटीपेक्षाही कमी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त वीस मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. म्हणजे असा पदार्थ अर्धा किलो खाल्ला तरी दहाच मिलिग्रॅम. ही मर्यादा कुणी उगाच काढलेली नाही.

एवढं कळलं की कुठे जपायचं ते आपोआप ठरतं. पिठाची चाळणी वेगळी हवी, कारण तिच्या जाळीत अडकलेलं पीठ धुऊनही निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांचंही तेच. टोस्टर वेगळा. तळणीचं तेल वेगळं, कारण गरम तेल ग्लुटेन नाहीसं करत नाही. स्टीलची किंवा काचेची भांडी मात्र साबण-पाण्याने नीट घासली की पुरे, त्यांच्यासाठी दुसरा संसार मांडायची गरज नाही. घरात गहू खाणारी भावंडं असतील तर खरा धोका लोण्याच्या नि जॅमच्या बरणीत असतो. पावाला लागलेली सुरी परत बरणीत जाते आणि कण मागे ठेवून येते. एकेक बरणी वेगळी ठेवून तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवली तर अक्षरओळख नसलेल्या मुलालाही कळतं. खेळायच्या मऊ रंगीत गोळ्यात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, आणि ज्या वयात तो गोळा हाती येतो त्याच वयात हात तोंडात जातो. घरी तांदळाच्या पिठाचा करता येतो. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. तो जंतू मारतो, ग्लुटेन हातावर तसंच राहतं. हात साबणाने धुवायचे.

ग्लुटेनशिवाय पाव किंवा केक करताना वायू धरायला तो ताणला जाणारा पडदाच नसतो, ही अडचण. उपाय दोन टप्प्यांत असतो. आधी पिठाला चिकटपणा देऊन बुडबुडे थोडा वेळ अडकवून ठेवायचे, आणि तेवढ्यात उष्णतेने स्टार्चला घट्ट व्हायला लावायचं. चिकटपणासाठी इसबगोलाचा भुसा उत्तम. त्यातली लांब शर्कराशृंखला आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी धरते. झँथन गम हाही चालतो, तो एका जिवाणूकडून मिळवतात. स्टार्चचे कण साधारण ६५ ते ७५ अंशांवर पाणी पिऊन फुगतात आणि फुटू लागतात. पिठाची उकड काढतो तेव्हा हेच घडतं. म्हणून थोड्या पिठाची आधी उकड काढून ती बाकीच्या पिठात मिसळली तर मिश्रण बांधून येतं. पीठ घट्ट मळायच्या भानगडीत पडू नका. इथे ते सैल, ओतता येईल असंच हवं, कारण या पिठांना पाणी जास्त लागतं. भाजून झाल्यावर लगेच कापायचा मोह टाळा. स्टार्चचा साचा गार होताना बसतो, गरम कापलं तर आतून गिच्च लागतं. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवला तर स्टार्चचे रेणू पुन्हा रांगा लावतात आणि तो लवकर कडक होतो, त्यापेक्षा चकत्या करून फ्रीजरमध्ये टाका.

यात मुलांच्या बाजूची एक गोष्ट आहे. गव्हाच्या केकचं मिश्रण जास्त ढवळलं की ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो, म्हणून मोठी माणसं मुलाच्या हातातून पळी काढून घेतात. इथे ग्लुटेनच नाही, तेव्हा त्या कारणाने तरी पळी काढून घ्यायची गरज नाही.

एकच धान्य मात्र रोज नको. तांदळात जमिनीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त येतं, आणि मूल लहान असेल तर वजनाच्या मानाने ते अधिक पडतं. ज्वारी, मका, नाचणी, डाळी आलटून पालटून वापरल्या तर तंतूही मिळतात. बाजारातल्या तयार ग्लुटेनमुक्त पदार्थांत ते बहुधा कमीच असतात.

राहिली भावंडं. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहा टक्के, आणि लक्षणं नसतानाही तो असू शकतो, म्हणून सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्यावी. तपासणीआधी घरातल्या सगळ्यांचंच ग्लुटेन बंद करू नका. बंद केलं की प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. निर्दोष अहवालानंतरही काही वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण आजार कुठल्याही वयात उद्भवतो. पण जनुकचाचणीत डीक्यू२ आणि डीक्यू८ यांपैकी काहीच आढळलं नाही, तर त्या भावंडाला सीलिॲक होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही आणि पुन्हापुन्हा सुई टोचायचं कारणही.