ब्रुकलिन पूल : तारांचा हिशेब आणि माणसांचा

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा ब्रुकलिन पूल 24 मे 1883 रोजी वाहतुकीसाठी खुला झाला, तेव्हा तो जगातील सर्वांत लांब झुलता पूल होता. दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारे 486 मीटर. झुलत्या पुलासाठी पोलादी तारांचे दोर प्रथमच वापरले गेले ते याच पुलावर. खाऱ्या हवेत तारा गंजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचा मुलामाही दिला होता. या बांधकामात लोखंड-पोलादाच्या ताकदीचा विचार जितक्या दूरदृष्टीने झाला, तितका माणसाच्या शरीराचा झाला नाही, आणि पुलाची ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पुलाचा आराखडा जॉन रोबलिंग यांचा. जागेची पाहणी करताना बोटीच्या धडकेत त्यांचा पाय चिरडला आणि 1869 मध्ये धनुर्वाताने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मुलगा वॉशिंग्टन रोबलिंग मुख्य अभियंता झाला. दोन्ही मनोऱ्यांचा पाया नदीच्या तळाखाली घ्यायचा होता. त्यासाठी लाकडाच्या जाड ओंडक्यांची, तळ नसलेली प्रचंड पेटी, म्हणजे केसन, नदीत उतरवण्यात आली. पाणी आत शिरू नये म्हणून तिच्यात दाबाखालील हवा भरत. आत उतरलेले मजूर गाळ, वाळू आणि दगड खणून काढत, वर मनोऱ्याचे दगडी बांधकाम चढत जाई आणि त्या वजनाने पेटी हळूहळू खाली सरकत असे. आतली हवा इतकी दाट असे की फुंकर मारून विझवलेली मेणबत्ती आपोआप पुन्हा पेटे, आणि बोलणाऱ्याचा आवाज चिरका व बारीक ऐकू येई. या कामाची मजुरी होती दिवसाला दोन-सव्वादोन डॉलर.

ब्रुकलिनकडचा पाया सुमारे साडेतेरा मीटरवर थांबला. मॅनहॅटनकडचा मात्र जवळजवळ 24 मीटर खोल गेला. तिथे हवेचा दाब नेहमीच्या वातावरणाच्या साडेतीनपट होता. अशा दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींमध्ये विरघळतो. माणूस घाईने बाहेर आला, की सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे त्या वायूचे बुडबुडे सुटतात, आणि ते सांध्यांत, मज्जारज्जूत किंवा मेंदूत अडकले तर असह्य वेदना, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो. कामावरचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी या केसन रोगाचे 110 रुग्ण नोंदवले. दाब सावकाश कमी केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पण त्यांनी सुचवलेला वेळ फारच अपुरा होता. 1872 च्या वसंत ऋतूत मजुरांचे मृत्यू होऊ लागले, तेव्हा कठीण खडक लागण्याची वाट न पाहता घट्ट बसलेल्या वाळूवरच मनोरा उभा करण्याचा धाडसी निर्णय रोबलिंग यांनी मे महिन्यात घेतला. तो योग्य ठरला. त्याच वर्षी ते स्वतः या रोगाने कायमचे खचले. पुढील अकरा वर्षांत पत्नी एमिली पदार्थांची ताकद आणि दोरांची गणिते शिकल्या, पतीच्या सूचना अभियंत्यांपर्यंत पोहोचवत राहिल्या आणि कामाची धुरा त्यांनी प्रत्यक्षात सांभाळली.

तारांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. अपेक्षित भाराच्या सहापट ताकद दोरांत असावी, असा आराखडा होता. तारांचा पुरवठादार जे. लॉइड हेग याच्यावर लक्ष ठेवण्याचा इशारा रोबलिंग यांनी आधीच दिला होता. 1878 मध्ये उघड झाले, की चाचणीत उत्तीर्ण झालेली चांगल्या तारेची वेटोळी पुलाकडे नेताना वाटेतच बदलली जात होती; नाकारलेली तार पुलावर पोहोचत होती आणि तीच चांगली वेटोळी पुन्हा तपासनिसांपुढे ठेवली जात होती. तोवर 200 टनांहून अधिक निकृष्ट तार दोरांत गुंफली गेली होती आणि ती काढणे शक्य नव्हते. रोबलिंग यांनी हिशेब केला : सहापट ताकद आता पाचपट उरली होती, म्हणजे पूल सुरक्षित होता. तरीही चारही दोरांत प्रत्येकी सुमारे 150 जादा तारा हेगच्या खर्चाने घालायला लावल्या. ती निकृष्ट तार आजही दोरांत आहे.

मजुरांच्या वाट्याला अशी राखीव ताकद आली नाही, कारण त्यांच्या शरीरात नेमके काय घडते हे पाया खणला जात असताना कोणालाच स्पष्ट नव्हते. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा सविस्तर उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी केला तो 1878 मध्ये, म्हणजे तारांची फसवणूक पकडली गेली त्याच वर्षी. तेव्हा केसनमधील काम संपून सहा वर्षे झाली होती. आजारी मजुराला पुन्हा दाबाखाली नेऊन मग दाब सावकाश उतरवायचा, हा उपाय हडसन नदीखालच्या बोगद्यात अर्नेस्ट मॉयर यांनी 1889 च्या सुमारास खास बंद खोली बसवून अमलात आणला. त्यापूर्वी त्या बोगद्यात वर्षाला सुमारे 25 टक्के मजूर मरत होते. त्यानंतर हे प्रमाण 2 टक्क्यांच्या खाली आले.