रोनाल्डोच्या गुडघ्याची वाटी

१२ एप्रिल २००० रोजी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये लाझिओ आणि इंटर मिलान या संघांत इटालियन चषकाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना चालू होता. उत्तरार्धात इंटरने ब्राझीलच्या रोनाल्डोला बदली खेळाडू म्हणून उतरवले. उजव्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर, जवळजवळ पाच महिन्यांनी तो पुन्हा खेळत होता. सहा-सात मिनिटे झाली असतील. चेंडू घेऊन तो गोलच्या दिशेने निघाला, समोरच्या बचावपटूला चकवण्यासाठी त्याने चेंडूवरून पाय फिरवला, आणि कोणाचाही धक्का लागलेला नसताना तोच गुडघा धरून तो कोसळला. गुडघ्याची वाटी जागेवर धरून ठेवणारी कंडरा पूर्णपणे तुटली होती आणि वाटी मांडीच्या दिशेने वर सरकली होती.

आज रोनाल्डो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोर्तुगालचा ख्रिस्तियानो येतो. हा रोनाल्डो त्याच्या आधीचा. रोनाल्डो लुईस नाझारियो दे लिमा याचा जन्म सप्टेंबर १९७६ मध्ये झाला आणि रिओ दि जानेरोच्या बेंतो रिबेरो या उपनगरात तो वाढला. १९९३ मध्ये तो बेलो होरिझोंते येथील क्रुझेरो क्लबात दाखल झाला. १९९४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघात सतरा वर्षांचा हा मुलगा होता, पण त्याला एकही मिनिट खेळायला मिळाले नाही. त्याच वर्षी तो हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनकडे गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ३० गोल केले. १९९६-९७ मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना ४९ सामन्यांत ४७ गोल झाले. त्याच मोसमात, १२ ऑक्टोबर १९९६ रोजी, काँपोस्तेलाविरुद्ध मध्यरेषेच्या आसपास चेंडू मिळवून, शर्ट ओढणाऱ्या खेळाडूला मागे टाकून आणि वाटेतल्या सर्वांना चुकवत त्याने जो गोल केला, तो पाहून प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांनी दोन्ही हात डोक्याला लावले होते. ते चित्रीकरण आजही मिळते आणि या लेखाच्या वाचकाने ते जरूर पाहावे. मात्र पाहताना रोनाल्डो किती जोरात धावतो याऐवजी तो किती वेळा आणि किती अचानक थबकतो, याकडे लक्ष ठेवावे.

त्याच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु सरळ रेषेत वेगाने धावणारे आघाडीपटू अनेक असतात. रोनाल्डोला वेगळे काढणारी गोष्ट म्हणजे पूर्ण वेगात असताना एका पावलात वेग उतरवणे आणि पुढच्याच पावलात भलत्या दिशेला तो पुन्हा घेणे. बचावपटूचे शरीरही त्याच वेगाने मागे सरकत असते. आघाडीपटूने ब्रेक लावला की त्यालाही लावावा लागतो, आणि त्यात जो क्षणभराचा उशीर होतो, त्या उशिरातच गोल दडलेला असतो. हा ब्रेक शरीरात नेमका कुठे असतो, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो.

ऐंशी किलो वजनाचा खेळाडू सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याच्या शरीरात सव्वातीन हजार ज्यूलच्या आसपास गतिज ऊर्जा असते. तोच माणूस चार मीटर उंचीवरून खाली उडी मारताना जमिनीला टेकेपर्यंत जेवढी ऊर्जा मिळवील, तेवढीच ही. थांबायचे असेल तर ही ऊर्जा दोन-चार पावलांत जिरवावी लागते, आणि ती जिरवण्याचे मोठे काम मांडीच्या पुढच्या भागातला चार पदरी स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, करतो. धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकून गुडघा वाकू लागतो तेव्हा हा स्नायू आकुंचन पावण्यासाठी जोर लावत असतो आणि तरीही ताणला जात असतो. उतारावरून भरलेली हातगाडी मागे ओढून धरत खाली नेणाऱ्या हमालासारखी त्याची अवस्था असते. स्नायू स्वतः आखडताना जेवढा जोर लावू शकतो, त्यापेक्षा असा ताणला जात असताना तो अधिक जोर पेलतो. तो सगळा जोर पुढे कंडरेवर येतो.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, ज्याला डॉक्टर टेंडन म्हणतात. क्वाड्रिसेप्सची कंडरा गुडघ्याच्या वाटीला वरून येऊन मिळते आणि वाटीच्या खालच्या टोकापासून निघालेली रुंद, चपटी पट्टी नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यात रुतलेली असते. गुडघा किंचित वाकवून वाटीच्या खाली बोट दाबले की ती पट्टी हाताला लागते. वाटी हे या दोराच्या मधोमध बसवलेले हाड आहे, आणि दोराला सांध्याच्या मध्यापासून थोडे दूर उचलून धरणे हे तिचे मुख्य काम. पान्याचा दांडा लांब असला की नट कमी जोरात सुटतो, त्याच न्यायाने वाटीमुळे स्नायूला तरफेचा अधिक लांब हात मिळतो. तरीही हा हात जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचाच असतो. उलट, वाकलेल्या पायावर उभे राहिल्यावर शरीराचा भार गुडघ्याच्या सांध्यापासून पंधरा सेंटिमीटर अंतरावरून सहज जाऊ शकतो. म्हणजे ऐंशी किलोचा माणूस एका वाकलेल्या पायावर नुसता उभा राहिला, तरी त्या पट्टीवर सुमारे तीनशे किलोचा ताण येतो. धावताधावता थबकणाऱ्या पायावर जमिनीची प्रतिक्रिया शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि मग कंडरेवरचा हिशेब टनाच्या घरात जातो. चेंडूवरून पाय फिरवण्याच्या चकव्यात एक पाय हवेत असतो आणि सारे शरीर दुसऱ्या, वाकलेल्या पायावर तोललेले असते, हे येथे लक्षात घ्यावे.

निरोगी कंडरा हे सोसते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, स्पर्धेत वजन उचलताना एका भारोत्तोलकाची हीच कंडरा तुटली त्या क्षणाच्या चित्रफितीवरून संशोधकांनी गणित मांडले होते. तुटतेवेळी तिच्यावरचा ताण त्याच्या शरीराच्या वजनाच्या साडेसतरा पट निघाला. मग एका साध्या चकव्यात ती तुटावी कशी? याचे उत्तर बहुधा तुटण्याच्या क्षणाच्या कितीतरी आधी शोधावे लागते. १९९१ मध्ये फिनलंड आणि हंगेरीच्या दोन संशोधकांनी आपोआप तुटलेल्या आठशेहून अधिक कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतील जवळजवळ सर्वच आधीपासून झिजलेल्या, बिघडलेल्या आढळल्या. घट्ट विणलेला दोर सहसा तुटत नाही. आतून सुटे झालेले पदर असलेला दोर तुटतो, आणि ते पदर सुटे होत असताना कित्येकदा वेदनाही होत नाहीत.

रोनाल्डोच्या गुडघ्याची तक्रार जुनी होती. पीएसव्हीत असताना त्याला वाढत्या वयातल्या खेळाडूंना होणारा ऑसगुड-श्लॅटर हा विकार असल्याचे सांगितले गेले. या विकारात नडगीच्या हाडाचा अजून पुरता न कठीण झालेला उंचवटा, कंडरा त्याला सतत ओढत राहिल्यामुळे, सुजतो आणि दुखतो. १९९६ च्या सुरुवातीला त्याच्या गुडघ्यावर एक शस्त्रक्रियाही झाली. पुढे अनेक वर्षांनी त्याचे फिजिओथेरपिस्ट निल्टन पेट्रोन यांनी असेही सांगितले की मांडीच्या हाडावर वाटी ज्या खोबणीतून खालीवर सरकते, ती खोबण त्याच्या बाबतीत जन्मतःच नीट घडलेली नव्हती. उथळ खोबणीत वाटी स्थिर राहत नाही आणि तिला बांधलेल्या दोरावर वेडावाकडा ताण येतो. एखाद्या यंत्रात एवढा दोष असता तर अभियंत्याने ते कमी वेगावर चालवायला सांगितले असते. इथे मात्र ते यंत्र जगातला सर्वाधिक मागणी असलेला आघाडीपटू होते. १९९७ मध्ये इंटरने त्याला त्या वेळच्या विक्रमी किमतीला घेतले, वर्षअखेर बॅलन डी'ओर पुरस्कार मिळाला, आणि क्लब, देश, सराव व प्रवास यांतून गुडघ्याला विसावा म्हणून मिळालाच नाही.

१९९८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. सामन्याच्या काही तास आधी, फ्रान्समधल्या दुपारी, रोनाल्डोला आकडी आली होती. त्याचे नाव आधी संघाच्या यादीत नव्हते, मग आले, आणि ब्राझील फ्रान्सकडून ०-३ असा हरला. या आकडीचे कारण काय यावर तर्क फार झाले, पण त्यांपैकी एकही पक्का ठरलेला नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

२१ नोव्हेंबर १९९९ रोजी लेच्चेविरुद्धच्या सामन्यात उजव्या गुडघ्याची कंडरा अंशतः फाटली. पॅरिसमध्ये शल्यविशारद जेरार सायां यांनी ती शिवली, आणि त्यानंतर साडेचार महिन्यांनी रोममधला तो प्रसंग घडला. या दोन तारखांमधले अंतर जीवशास्त्राच्या दृष्टीने फार थोडे आहे. कंडरेच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंचा असतो, त्यात पेशी विरळ असतात आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. स्नायू कापला तर रक्ताने भरलेला दिसतो, कंडरा मात्र पांढुरकी, चमकदार दिसते, ते याचमुळे. जखम भरण्यासाठी लागणारी रसद जिथे रक्तातून येते, तिथे ही गरिबी महागात पडते. शिवलेल्या जागी पहिल्या काही आठवड्यांत जे कोलॅजेन भरले जाते ते निराळ्या, कमकुवत प्रकारचे आणि वाटेल त्या दिशांना पसरलेले असते. ते हळूहळू मूळ प्रकारच्या तंतूंनी बदलत जाते आणि ताणाच्या दिशेने त्यांची रांग लागते. या कामाला अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. मधल्या काळात मांडीचा स्नायू मात्र व्यायामाने झपाट्याने बळकट होतो. खेळाडूला आपण तयार आहोत असे वाटते ते स्नायूच्या भरवशावर, कारण दोराची अवस्था त्याला आतून कळत नाही.

कंडरा मुळात किती नवी होते, याचा एक विलक्षण पुरावा अणुचाचण्यांनी दिला. १९५० आणि १९६० च्या दशकांत हवेत झालेल्या अणुस्फोटांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण जवळपास दुप्पट झाले आणि चाचण्या थांबल्यावर ते उतरत गेले. त्या काळात तयार झालेल्या प्रत्येक ऊतीत त्या त्या वर्षीच्या हवेची खूण राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये घोट्यामागच्या अकिलीस कंडरेत ही खूण मोजली, तेव्हा तिचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही असे दिसले. हा अभ्यास गुडघ्याच्या कंडरेवरचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. पण कंडरा हा वाढत्या वयात एकदाच मिळणारा दोर असावा, या विचाराला तो बळ देतो. रोनाल्डो सतराव्या वर्षी युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला होता.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र घाई झाली नाही. पुन्हा सायां, पुन्हा पेट्रोन, आणि गुडघा अंशाअंशाने वाकवण्याचा कंटाळवाणा, वेदनादायक दिनक्रम. कंडरेला पूर्ण विश्रांती दिली तर नवे तंतू विस्कळीत राहतात आणि फार ताण दिला तर ते तुटतात, म्हणून रोज थोडा थोडा ताण वाढवत जाणे हाच त्यावरचा उपाय असतो. क्लबासाठी अधिकृत सामन्यात तो परतला तेव्हा २००१ चा सप्टेंबर उजाडला होता, म्हणजे सुमारे सतरा महिने गेले होते.

२००२ च्या विश्वचषकात परतलेला खेळाडू पूर्वीचा नव्हता, आणि माझ्या मते तीच त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी होय. मध्यरेषेपासूनच्या लांब मुसंड्या विरळ झाल्या, आणि गोलसमोर योग्य जागी योग्य क्षणी हजर राहणे वाढले. उपान्त्य सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध त्याने चक्क बुटाच्या टोकाने गोल केला. फुटबॉलच्या शाळेत हा फटका वाईट सवय म्हणून शिकवतात, कारण त्यावर दिशेचे नियंत्रण कमी असते. परंतु त्याला पाय मागे फार न्यावा लागत नाही, त्यामुळे गोलरक्षकाला आगाऊ सूचना मिळत नाही आणि मांडीच्या स्नायूवरही कमी भार येतो. त्या दिवसांत त्याच्या मांडीचा स्नायू दुखत होता. लोकांनी त्या दुखण्याऐवजी केसांबद्दल बोलावे म्हणून आपण कपाळावर तेवढा त्रिकोण ठेवून डोके भादरले, असे त्याने पुढे सांगितले. ३० जून २००२ रोजी, आपल्याकडे रविवारी दुपारी साडेचारला, योकोहामात सुरू झालेल्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे होते. पहिला तर जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या हातून निसटलेल्या चेंडूवर सर्वांआधी पोहोचून केलेला होता. स्पर्धेत त्याचे एकूण आठ गोल झाले.

पुढची वर्षे रेआल माद्रिदमध्ये गेली. २००६ मध्ये घानाविरुद्ध विश्वचषकातला पंधरावा गोल करून त्याने गेर्ड म्युलरचा विक्रम मागे टाकला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी एसी मिलानकडून लिव्होर्नोविरुद्ध खेळताना पुन्हा तीच कंडरा तुटली, फक्त या वेळी डाव्या गुडघ्याची. वर्षभराने तो ब्राझीलच्या कोरिंथियन्सकडून पुन्हा खेळला, दोन विजेतेपदांत वाटेकरी झाला आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी, चौतिसाव्या वर्षी, थांबला. त्या वेळी त्याने आपल्याला थायरॉइडची कमतरता असल्याचे आणि तिच्यावरचे औषध उत्तेजक म्हणून निषिद्ध असल्याने ते घेता आले नाही असे सांगितले. डॉक्टरांनी लगेच दुरुस्ती केली की हे औषध, म्हणजे थायरॉक्सिन, निषिद्ध औषधांच्या यादीत नाही. वजनाबद्दलची टिंगल त्याला शेवटची काही वर्षे सहन करावी लागली होती, तेव्हा हे बोलणे त्या संदर्भात समजून घेता येते. पण थांबण्याचे कारण म्हणून त्याच पत्रकार परिषदेत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती: चाल डोक्यात येते, पण हवी तशी ती करता येत नाही.