मानेच्या मणक्यांतून वर चढणारी धमनी

निपाणी-चिकोडी भागात हंगाम सुरू झाला की डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी माणसं दिसतात. तो सगळा भार मानेतले सात मणके पेलतात. पुढे कुणाच्या मणक्यांची झीज होते, गादी सरकते, हाताला मुंग्या येतात आणि बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशनचा विषय निघतो. एमआरआय झालेला असतो, तरी काही जणांना डॉक्टर सीटी अँजिओग्राफीही, म्हणजे रक्तवाहिन्यांची वाट दाखवणारी तपासणीही, सांगतात. घरचे कुरकुरतात, "आता आणखी हे कशाला?" खर्चाचा प्रश्न खराच आहे, पण ही तपासणी उगाच सांगितलेली नसते.

मानेच्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. गळपट्टीच्या हाडामागून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला एक फाटा फुटतो, तो म्हणजे व्हर्टिब्रल धमनी. बहुतेकांत ती सातव्या मणक्याचं भोक सोडून सहाव्यात शिरते आणि तिथून थेट पहिल्यापर्यंत चढते. पहिल्या मणक्यावर, म्हणजे अ‍ॅटलासवर, ती मागे वळते, हाडावरच्या खोबणीत आडवी पडते आणि मग कवटीत जाते. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. म्हणून जनावर बांधताना दाव्याला ढील ठेवावी, तशी इथे धमनीला ढील आहे. आत गेल्यावर डावी-उजवी एक होतात आणि मेंदूचा मागचा भाग पोसतात: श्वास, गिळणं, तोल, नजर.

गळ्यासमोरून ऑपरेशन करताना सर्जन श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी गळ्यातली मोठी) धमनी दुसऱ्या बाजूला सारून मणक्यापर्यंत पोहोचतो. तिथे मध्यरेषा सोडून फार बाजूला जायचं नसतं, कारण व्हर्टिब्रल धमनी तिथेच आहे. मागून अ‍ॅटलास उघडताना तर मध्यापासून दीड सेंटिमीटरच्या आत राहण्याचा दंडक आहे.

खरी अडचण ही की धमनीची वाट माणसागणिक बदलते. काहींच्या अ‍ॅटलासवरच्या खोबणीवर हाडाची कमान तयार झालेली असते. वरून पाहताना हाड चांगलं रुंद वाटतं, पण मणके जोडायला स्क्रू घालावा तर आत धमनी असते! काहींच्या दुसऱ्या मणक्यात ती इतकी वर चढलेली असते की स्क्रूला जाडीच उरत नाही. शिवाय दोन्ही बाजू सारख्या नसतात. पुष्कळांची डावी मोठी असते. मोठ्या बाजूला इजा झाली तर लहान बाजू पुरी पडेलच असं नाही. वरच्या दोन मणक्यांत स्क्रू घालायचे असतील तर हे सगळं आधीच पाहिलेलं बरं.

याच धमनीमुळे सलूनमध्ये दाढीनंतर मान कटकन मोडून घेऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. अचानक झटक्यानं तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण तरण्या माणसालाही होतं. मानेत मागच्या बाजूला कधी नव्हे अशी कळ आली आणि सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा तोल जाणं असं काही झालं, तर मालिश, शेक करत न बसता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यावं.